एक, दोन, सोड

नागपूरला परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, आयर्लंडात काय काय पाहिलं?" मी म्हणते, "बास्केटबॉल." समोरचा हसतो, आणि मी हसत नाही असं पाहून विषय बदलतो. समुद्राचे उंच कडे पाहिले, जुनी दगडी चर्चं पाहिली, मेंढ्या तर डोळे दुखेपर्यंत पाहिल्या. त्या सगळ्याचे फोटो आमच्या यांनी काढले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी चहाला यावं, दोन तास मोकळे ठेवून यावं. मला सांगायचं आहे ते एका कॉलेजच्या जिमबद्दल, तिथल्या दोन म्हाताऱ्या प्रेक्षकांबद्दल आणि नीव्ह नावाच्या एका मुलीबद्दल. शिवाय माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्याबद्दल, कारण तो लपवून बाकीचं सांगताच येत नाही.

मी एका शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली आणि संध्याकाळी क्लबच्या ग्राउंडवर मुलींना बास्केटबॉल. मुली मागून मला शिट्टीबाई म्हणायच्या, तेही मला ठाऊक होतं. त्याच ग्राउंडवर माझी मृणाल खेळली, विद्यापीठाच्या टीमपर्यंत गेली आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला "अभ्यास झेपत नाही" म्हणून एक दिवस खेळ सोडून मोकळी झाली. आता ती आयर्लंडच्या मधोमध असलेल्या ॲथलोन गावात एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअर करते. २००५ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे आठ आठवडे राहून आलो.

ॲथलोन, पहिला आठवडा

गावाच्या मधून शॅनन नदी वाहते. आपली नदी दिवाळीपर्यंत दमते. ही वर्षभर काठोकाठ. पाऊस म्हणावा तर पडत नाही, नाही म्हणावा तर शाल ओली होते. अशा हवेत शेजारची बाई फाटकाशी उभी राहून "काय सुरेख दिवस!" म्हणाली, तेव्हा मला वाटलं टोमणा मारते आहे. नव्हती मारत.

शब्दांनी मला पहिल्याच दिवशी गाठलं. मृणाल ऑफिसला जाताना म्हणाली, "आई, तूरडाळ प्रेसमध्ये आहे." मी घरभर इस्त्री शोधली. सापडली, पण तिच्यात डाळ कशी राहील? शेवटी यांनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि डाळ समोर. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. मृणाल तीन वर्षांत इतकी तिकडची झाली की आपण काय बोललो हे तिला संध्याकाळी सांगावं लागलं.

यांनी हीटरशेजारची खुर्ची पकडली ती सुट्टीच्या दिवशी मृणाल आम्हाला फिरायला नेई तेव्हाच सोडली. मी मात्र रोज दुपारी फिरायला निघायचे. चौथ्या दिवशी पावसानं मला कॉलेजच्या आवारात शिरायला लावलं. एका मोठ्या शेडच्या दाराशी उभी राहिले, तर आतून आवाज आला. लाकडी जमिनीवर चेंडू आपटल्याचा. माझे पाय आपोआप आत गेले.

कॉलेजच्या मुलींची आपापसात प्रॅक्टिस मॅच चालू होती. वर छोटी गॅलरी, तिच्यात दोनच माणसं. टॉमी आयुष्यभर पावाची गाडी चालवून रिटायर झालेला, डोक्याला टोपी. ब्रीडा कॉलेजच्या कँटीनमधून रिटायर झालेली, मांडीवर विणकाम. दोघांचं कुणीही त्या टीममध्ये नव्हतं. मॅच असो की प्रॅक्टिस, ती येऊन बसत आणि एकेका मुलीचं बारसं-बारावं करत. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीतच सांगते.

"शॅरन आज अठरा गुण करेल," टॉमी म्हणाला.

"आज करेल. दोन वर्षांनी गुडघे बोलतील तेव्हा काय करेल?" ब्रीडानं सुई न थांबवता विचारलं. "उडी मारून उतरते कशी बघ. धप्पकन."

मी खाली बघितलं. बाई शंभर टक्के बरोबर बोलत होती! आपल्याकडे स्थळ बघताना होते तशी चर्चा होती ती: उंची किती, हात कसे, स्वभाव तापट आहे का, पुढे निभेल का. फरक इतकाच, की ही दोघं मुलीत काय कमी आहे ते सांगून झाल्यावर तिच्यात काय आहे तेही तितक्याच आवडीनं सांगत. मी तिथेच बसले.

तेवढ्यात टॉमीनं बेंचवरच्या एका लांबलचक मुलीकडे बोट केलं आणि मला म्हणाला, "युवर मॅननं तिला पुन्हा बसवून ठेवलंय बघा."

माझा माणूस? मी म्हटलं, "शक्यच नाही. ते घरी झोपलेत."

टॉमी माझ्याकडे बघत राहिला आणि ब्रीडाच्या हातातलं विणकाम खाली पडलं. युवर मॅन म्हणजे तिकडे कुणीही, तो समोरचा, तो अमका. आत्ता तो म्हणजे कोच डरमट होता. नंतर परतेपर्यंत माझी ओळख "जिचा नवरा घरी झोपलाय ती" अशीच करून दिली जात होती.

चार पावलांची मुलगी

बेंचवरची ती लांबलचक मुलगी म्हणजे नीव्ह. लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच. तिच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये "व्ह" कुठेही नाही. एकोणीस वर्षांची, गावाबाहेरच्या दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. शेवटच्या पाच मिनिटांत कोचनं तिला आत घेतलं. चेंडू तिच्याकडे आला आणि मी उठून उभी राहिले. कठीण पास होता, पण तिच्या बोटांनी तो कसा उचलला! मग तिनं चेंडू पोटाशी धरला, एक, दोन, तीन, चार पावलं धावली आणि शिट्टी वाजली. ट्रॅव्हलिंग, कारण बास्केटबॉलमध्ये चेंडू धरून दोनच पावलं चालतात. पुन्हा पास, पुन्हा चार पावलं, पुन्हा शिट्टी.

"गेलिक फुटबॉल," टॉमी उसासा टाकून म्हणाला. तिकडच्या त्या देशी खेळात चेंडू हातात घेऊन चार पावलं जायची मुभा असते. पोरगी सहाव्या वर्षापासून तेच खेळली होती.

मला हसू आवरेना. आमच्याकडे खो-खोतून आलेल्या मुलींचं अगदी असंच व्हायचं. खो-खोत एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही. बास्केटबॉलमध्ये त्या बाणासारख्या सुटायच्या आणि चेंडू मागे राहिला तरी वळायच्या नाहीत. त्यांना वळायला शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. हे मी ब्रीडाला सांगितलं, ब्रीडानं डरमटला सांगितलं, आणि दोन दिवसांनी डरमटनं मला खाली बोलावून नीव्ह माझ्या हवाली केली. भला माणूस, पण चौदा मुली आणि तो एकटा. बेंचवरच्या मुलीकडे बघायला त्याला सवड नव्हती.

मी तिला माझीच जुनी पद्धत शिकवली. चेंडू धरला की मोठ्यानं मोजायचं: एक, दोन, सोड. इंग्रजीत मोजून बघितलं, पण इंग्रजीत तिची जीभ "थ्री, फोर"वर आपोआप जायची. मराठीत तिला पुढचे आकडेच येत नव्हते. त्यामुळे दोनच्या पुढे जायचा प्रश्न उरला नाही.

"एक, दोन, सोर," ती म्हणायची.

"सोड. ड, ड."

"सोर," ती हसून म्हणायची आणि चेंडू रिंगमध्ये टाकायची.

प्रॅक्टिसनंतर गॅलरीत चहा असे, काळाकुट्ट, त्यात दूध. ब्रीडा सँडविच आणायची. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर तिनं मोठ्या प्रेमानं पावातलं हॅम उचललं, टॉमीच्या पावात घातलं आणि माझा पाव मला परत दिला. मी तो पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सांबारवडी करून नेली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो हे समजावताना माझीच दमछाक झाली. टॉमीनं सहा खाल्ल्या. आमच्या संत्राबर्फीचा डबा तर त्यानं टोपीखाली लपवला.

चहा पिताना एकदा नीव्ह माझ्याशेजारी येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "ख्रिसमसच्या आधी गॉलवेला मॅच आहे. त्यात खेळायला मिळालं नाही तर मी सोडणार. घरी दूध काढायला माणूस हवाच आहे."

तिनं हे ज्या आवाजात सांगितलं तो मी ओळखला नाही. ओळखायला हवा होता.

ग्रँड

गॉलवेच्या आधीच्या गुरुवारी मी जिमच्या दाराशी बूट घालत होते. पलीकडे टॉमीनं डरमटला विचारलं, "गॉलवेला नीव्हला खेळवणार का?" डरमट म्हणाला, "शी इज ग्रँड व्हेअर शी इज."

ग्रँड! आमच्याकडे ग्रँड म्हणजे मंगल कार्यालयाचं तोरण, ग्रँड म्हणजे बँडबाजा. मी एक बूट घातलेली तशीच कॉरिडॉरमधून धावले. नीव्ह बॅग भरत होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "कोच काय म्हणाला सांगू? यू आर ग्रँड! व्हेअर यू आर!"

तिचा चेहरा एकदम कोरा झाला. "असं म्हणाला?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं!"

"बरं," ती म्हणाली. बूट बॅगेत टाकले, चेन ओढली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मला वाटलं, पोरगी आनंदानं गांगरली. मी घरी येऊन शिरा केला.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. शनिवारी जेवताना मी मृणालला सगळं सांगितलं आणि तिनं हातातला घास खाली ठेवला.

"आई, काय करून ठेवलंस तू! ग्रँड म्हणजे ठीक आहे. चालेल. तो म्हणाला, आहे तिथे ठीक आहे, बेंचवर. आणि हे तू तिला नाचत सांगितलंस?"

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. "मग खरंच चांगलं असेल तेव्हा काय म्हणतात हे लोक?"

"'नॉट द वर्स्ट' म्हणतात. अगदीच वाईट नाही. तेवढं म्हटलं म्हणजे डोक्यावर घेतलं." मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "तुला कळायला हवं होतं. ग्रँड म्हणजे तुझं 'बरं' आहे, आई. सेमीफायनलला मी बावीस केले तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? 'बरं खेळली. डावा हात कमी पडला.'"

ती ताट उचलून सिंककडे गेली. आमच्या यांनी खूप दिवसांनी खुर्चीतून उठून स्वतःचं ताट स्वतः धुतलं.

गोठ्यात

रविवारी सकाळी मी मृणालला म्हटलं, "गाडी काढ." ब्रीडानं पत्ता दिला होता. गावाबाहेर पडताच दोन्ही बाजूंना काळी ओली जमीन, तिच्यातून कापून वाळवायला रचलेल्या मातीच्या विटा. त्या विटा तिकडे चुलीत जाळतात, आणि त्या धुराला असा काही वास आहे की सकाळी सकाळी आजोळी गेल्यासारखं वाटलं. पण मला कशाचंच कौतुक करायचं त्राण नव्हतं. मी इंग्रजी वाक्यं जुळवत होते.

नीव्ह गोठ्यात होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. गायी ओळीनं उभ्या आणि मशीन त्यांचं दूध काढतंय. मला बघून ती चकित झाली, मग तिनं मान खाली घातली. मृणाल माझ्या मागे गोठ्याच्या दाराशी थांबली.

मी म्हटलं, "मी चुकले. तो शब्द मला कळला नव्हता. कोचला काय वाटतं ते त्यानं सांगितलं. आता मला काय दिसतं ते मी सांगायला आले आहे." आणि एकतीस वर्षांत जे एकदाही केलं नाही ते केलं. "मी शेकडो मुली शिकवल्या. चेंडू येण्याआधी ज्यांच्या हाताला तो कळतो अशा फक्त तीन पाहिल्या. तू चौथी आहेस. तुझे हात फार सुंदर आहेत. पाय शिकवता येतात, हात शिकवता येत नाहीत. तू सोडलंस तर मला फार वाईट वाटेल."

नीव्हनं बाहीनं नाक पुसलं. गाय हंबरली. "कोचला जाऊन दहा मिनिटं मागशील?" मी विचारलं. तिनं मान हलवली. होकाराची की नुसतीच, कळलं नाही.

परत येताना मृणाल गाडी सावकाश चालवत होती. पूल दिसायला लागला तेव्हा तिनं समोर बघतच विचारलं, "त्या तिघींत मी होते?"

"पहिली तूच," मी म्हटलं.

तिनं गाडी कडेला घेतली. वायपर चालू होते. "मग कधी बोलली काहून नाही, आई?"

'का'ऐवजी 'काहून'; किती वर्षांनी तिच्या तोंडून नागपूर बाहेर पडलं होतं. कौतुकानं पोरं शेफारतात असं मला वाटायचं. आपल्या मुलीला जास्त मानते असं बाकीच्या म्हणतील याची भीती होती. हे सगळं मी तिला सांगितलं, आणि सांगताना मला ते सगळं फारच फुटकळ वाटलं. अभ्यास झेपत नव्हता म्हणून तिनं खेळ सोडला नव्हता. हे मला त्या दिवशी, परक्या देशातल्या एका रस्त्याच्या कडेला कळलं. मी रडले. तिनं टिश्यूचं पाकीट पुढे केलं आणि गाडी सुरू केली.

गॉलवे

सोमवारी नीव्ह प्रॅक्टिसला आली. डरमटकडे जाऊन तिनं दहा मिनिटं मागितली आणि तो "बघू" म्हणाला. "बघू"चा अर्थ जगभर एकच असतो हे मला माहीत होतं.

गॉलवेला प्रेक्षकांची छोटी बस गेली. बसमध्ये टॉमी, ब्रीडा, मी, सुट्टी काढून आलेली मृणाल, आणि काही आईबाप. समुद्रावरून असा वारा की साडी नेसून गेले असते तर मी थेट नागपुरात उतरले असते. सूप आणि तपकिरी पाव खाल्ला. तो पाव मात्र मनापासून आवडला, ज्वारीच्या भाकरीचा दूरचा भाऊ शोभेल.

मॅच अटीतटीची. शॅरन सुरेख खेळत होती, पण चौथ्या डावात पाचवा फाउल होऊन बाहेर गेली. डरमटनं बेंचकडे बघितलं. मग वर गॅलरीत बघितलं, माझ्याकडे. मग नीव्हला उठवलं.

पहिला चेंडू आला. तिनं पोटाशी धरला. एक, दोन, तीन, चार. शिट्टी.

मी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "एक! दोन! सोड!" मृणाल उभी राहिली होती, तोंडाशी हाताचा कर्णा करून. तिच्यामागून ब्रीडा, "एक! दोन! सोर!" मग टॉमी. मग अर्थ माहीत नसलेले सगळे आईबाप. गॉलवेची माणसं वळून वळून बघायला लागली.

पुढचा चेंडू. एक, दोन, सोड. आत. त्यानंतरचाही आत. शेवटच्या सेकंदाला तिनं स्वतः न टाकता मोकळ्या मैत्रिणीला पास दिला, आणि त्या पाससाठी मी तिला दोन बास्केटपेक्षा जास्त मार्क देईन. मैत्रिणीचा चेंडू रिंगवरून फिरून बाहेर आला. आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या बसमध्ये चर्चेला ऊत आला. ब्रीडा म्हणाली, दोन वर्षांत पोरगी देशाच्या टीमच्या दारात उभी असेल. कुणी म्हणालं, अजून खांदे भरायला हवेत. मी म्हटलं, डावा हात कमी पडतो, आणि मृणालनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच पुढे म्हटलं, पण पास अप्रतिम होता. टॉमी सगळ्यात शेवटी बोलला. टोपी काढली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "नॉट द वर्स्ट."

पुढच्या रांगेत नीव्हच्या आईनं तोंडावर हात ठेवला.

शेवटचा रविवार

निघायच्या आदल्या दिवशी मी मृणालला घेऊन जिममध्ये निरोप घ्यायला गेले. ब्रीडानं मला विणलेली टोपी दिली. इतके दिवस ती माझ्याचसाठी चालली होती. खाली नीव्ह एकटीच चेंडू मारत होती. ती जानेवारीतही खेळणार होती. डरमटनं तसं सांगितलं होतं, यावेळी कुणाच्याही मध्यस्थीशिवाय. तिनं मृणालला हाक मारली. मृणाल नाही नाही म्हणत कोट काढून उतरली.

सात वर्षं चेंडूला हात न लावलेली माझी मुलगी. पहिला चेंडू रिंगलाही लागला नाही. दुसरा लागला. तिसऱ्याला तिनं डावीकडून ड्रिबल केलं, एक, दोन, आणि डाव्या हातानं सोडला. जाळी नुसती सळसळली.

मी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून ओरडले, "मृणाल! फार सुंदर खेळली गं! फारच सुंदर!"

तिनं चेंडू काखेत धरला आणि वर बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तू बरी आहेस ना?"

"आय ॲम ग्रँड," मी म्हटलं, नागपुरी अर्थानं.